खारं पाणी, गोडं पाणी आणि लाइट बिल

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलं, आता पाण्याच्या धोरणात किंवा नि:क्षारीकरणात, म्हणजे खारं पाणी गोडं करण्याच्या कामात, कसं यायचं, असं मुलं विचारत असतात. माझा रस्ता बराच वाकडातिकडा होता, तरी सांगते.

आमचं गाव अकोट तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. आजी स्वयंपाकाच्या गोड्या पाण्याची घागर वेगळी ठेवायची. तिला कुणी हात लावला की घरात रणकंदन. अमरावतीला एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी साहजिकच गावाकडच्या विहिरी घेतल्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या विहिरीचा आकडा आला २,८००.

पुढे गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. पगार बेताचा, पण पडद्याचं, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या आणि मीठ अडवणाऱ्या मेंब्रेनचं काम हाताखालून गेलं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. त्याचा परासरण दाबच, म्हणजे पडद्यापलीकडचं गोडं पाणी खाऱ्याकडे ओढणारा दाब, २७ बारच्या आसपास (बार हे दाबाचं एकक). त्यावर मात करायला पंप ५५ ते ७० बारने रेटावा लागतो. हे पुस्तकात होतंच, पण पंप सुरू झाल्यावर पायाखालची फरशी थरथरते तेव्हा ते अंगात मुरतं.

तिथेच मी एक पडदा घालवला. पॉलिअमाइडच्या पडद्याला क्लोरीन चालत नाही, म्हणून आधी पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट सोडून क्लोरीन मारायचा असतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याचं पिंप भरायचं मी विसरले. सोमवारी गोड्या पाण्याच्या बाजूचा कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यात क्षार वाढले की याचा आकडा चढतो) ३०० च्या जागी ४५० दाखवत होता, दुपारी ७००. मीटर बिघडलाय म्हणून मी तो दोनदा कॅलिब्रेट केला. मीटर ठणठणीत होता. पडद्याची किंमत गाइडनी सांगितली नाही, फक्त लॉगबुकात माझ्याकडूनच लिहून घेतली.

धोरणाकडे वळले ते गावाकडच्याच एका आरओ प्लांटमुळे. सुट्टीत गेले तर शटर खाली. चालवणारा म्हणाला, "मॅडम, मशीन बेस हाये, पन बिल कोन भरन?" ग्रामपंचायतीच्या नावावरचं वीजबिल थकलेलं होतं. वर प्लांट चालू असताना उरलेलं खारं पाणी नाल्यात सोडलं जायचं, आणि नाल्याला लागून हातपंप. २,८०० चं पाणी निम्मं गोडं करून घेतलं की उरलेलं निम्मं साडेपाच हजारांच्या घरात जातं. मीठ कुठे जात नाही, फक्त जागा बदलतं. मी दोन वर्षं गोड्या बाजूचा मीटर बघत बसले होते. दुसऱ्या नळीचं काय होतं हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

मग धोरणाचं शिक्षण घेतलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जलधोरणाचा अभ्यासक्रम होता, आयआयटी मुंबईचं 'सितारा' (CTARA) केंद्र ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतं, बाहेर जायचं तर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची आयएचई ही पाण्याचं शिक्षण देणारी संस्था आहे. प्रवेशाची माहिती त्या त्या वर्षी स्वतः तपासा. गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, त्यामुळे आमच्या वेळेपेक्षा दार जरा मोठं झालंय. नेट द्यायची असेल तर आपला विषय यूजीसीकडे, सीएसआयआरच्या यादीत तो नाही. मी अर्ज भरताना इथेच एक वर्ष घालवलं.

पण पदवीपेक्षा एक सवय कामाची: कोणताही प्रकल्प ऐकला की त्याच कागदावर गुणाकार करायचा. मुंबईत मनोरीला रोज २० कोटी लिटरचा, पुढे ४० कोटींपर्यंत वाढवता येईल असा प्रकल्प मांडला गेला. समुद्राचं एक घनमीटर पाणी गोडं करायला ढोबळ साडेतीन युनिट वीज धरा. २० कोटी लिटर म्हणजे दोन लाख घनमीटर, म्हणजे रोज ७ लाख युनिट. शंभर लिटरमधून ४५ गोडे मिळाले तर उरलेल्या ५५ लिटरमध्ये लिटरमागे ६३ ग्रॅमहून जास्त मीठ. ते समुद्रात कुठे, किती खोल सोडणार? दर कोण ठरवणार, चाळीला आणि टॉवरला एकच का? धोरण म्हणतात ते हेच, बाकी सेमिनार.

पडद्यांच्या आखणीचं 'वेव्ह' (WAVE) आणि पाण्याच्या रसायनाचं 'फ्रीक' (PHREEQC), ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, घरी बसून शिका. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचे (कायदा २००५ चा) ठोक जलदराचे आदेश वाचा. कंटाळवाणे असतात, पण सगळी भांडणं त्यांतच लपलेली. पर्यावरण मंजुरीची एक तरी जनसुनावणी मागच्या रांगेत बसून ऐका. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर एका प्रकल्पाशेजारी मी मच्छीमारांशी बोलले. उरलेलं खारं पाणी सोडणारा पाइप कुठे संपतो हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक होतं.

आता माझ्याकडे इंटर्न आले की पहिल्या आठवड्यात पेपर वाचायला देत नाही. कुठल्याही गावातल्या आरओचं लाइट बिल घेऊन या, म्हणते. बहुतेक जण मोबाइलवर फोटो दाखवतात. मागच्या तुकडीतली दर्यापूरकडची एक मुलगी मात्र बिलाबरोबर बाटली घेऊन आली, नाल्यात सोडलेल्या पाण्याची. झाकण उघडायच्या आधीच मी मीटर शोधायला उठले.