उदाहरणातली स्लीपची ओळ

असिंक पायथॉन, म्हणजे एक काम थांबलेलं असताना प्रोग्रामने दुसरं करायची पद्धत, शिकताना माझे तीन महिने एकाच चुकीत गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. फंक्शन, लूप, एपीआय कॉल एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते.

मी डोंबिवलीची. टेस्टिंगमधून डेव्हलपमेंटमध्ये यायची धडपड चालू होती. ऑफिस अंधेरीला, म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो. सकाळच्या गर्दीत लॅपटॉप उघडणं शक्यच नाही आणि फोनवर कोडच्या ओळी तुटून दिसतात. म्हणून ओपन सोर्स प्रोजेक्टमधल्या उदाहरणांच्या फाइल्सची मी प्रिंट काढायचे. चार पानं घडी घालून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. उभ्याउभ्या, एका हाताने कडी धरून, घाटकोपर येईपर्यंत एखादं फंक्शन वाचून व्हायचं. वाचलेलं कळायचंही. घरी येऊन तसंच लिहायला बसले की मात्र गाडी अडायची.

उदाहरणांमध्ये खरं काम नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. असिंकआयओ ही असिंकसाठी पायथॉनसोबतच येणारी लायब्ररी. तिच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधलं सुरुवातीचं उदाहरणच घ्या. 'हॅलो' छापा, असिंकआयओचा एक सेकंदाचा स्लीप अवेट करा (म्हणजे तो संपायची वाट बघा), 'वर्ल्ड' छापा. ती स्लीपची ओळ म्हणजे तुमच्या वेळखाऊ कामासाठी धरून ठेवलेली जागा. मी ती ओळ खोडली आणि तिथे वेबवरून माहिती आणणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचा गेट कॉल टाकला. वर फंक्शनला असिंक करणारं असिंक डेफ होतं, खाली सगळी कामं सोबत चालवणारं गॅदर होतं, सगळं पुस्तकातल्यासारखं दिसत होतं. मला २० पत्त्यांवरून माहिती आणायची होती, प्रत्येकाला साधारण एक सेकंद. साध्या फॉर लूपला २० सेकंद लागायचे. माझ्या असिंक कोडलाही २०च लागले. एरर नाही, वॉर्निंग नाही. मी नेटवर्क तपासलं, सर्व्हर तपासला, पायथॉन पुन्हा इन्स्टॉल केलं.

इथे जरा थांबून वाचा. गिरणीत दळण टाकताना आपण डबा ठेवतो, 'तासाभरात येते' म्हणतो, तेवढ्यात भाजी घेतो, वाण्याकडे जातो आणि परतताना पीठ उचलतो. असिंक कामं आळीपाळीने चालवणारा इव्हेंट लूप म्हणजे ती बाजाराला निघालेली एकटी बाई. पुढे नुसतं 'लूप' म्हटलं की हाच. माणूस एकच, कामं चार. अवेट म्हणजे डबा ठेवून निघणं. पण गिरणीवाला डबा ठेवून घेत असेल तरच निघता येतं. रिक्वेस्ट्स डबा ठेवून घेत नाही. पीठ होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. मग घरून निघताना कितीही कामं ठरवलेली असोत, एक उरकल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. असिंक डेफ लिहिल्याने फक्त मध्येच निघायची मुभा मिळते, निघणं आपोआप होत नाही.

आणि नुसतं अवेट लिहिलं म्हणून सुटका होते असंही नाही. मी तोच गेट कॉल माझ्या दुसऱ्या एका असिंक फंक्शनमध्ये गुंडाळला आणि बाहेरून अवेट केला. आत गिरणी तीच, वेळ तोच. तेव्हा अवेटची साखळी शेवटपर्यंत उकलत जा आणि तळाशी कोण आहे ते बघा. एका अवेटपासून पुढच्या अवेटपर्यंत जे जे चालतं, तेवढा वेळ लूप तुमच्याच कामात अडकलेला असतो. टाइम मोड्यूलचा स्लीप, साधा डेटाबेस ड्रायव्हर, मोठी जेसन फाइल वाचणं, सगळं त्यात आलं.

माझी गाठ सोडवली टीममधल्या एका सीनियरने, आणि तिने कीबोर्डला हातही लावला नाही. माझ्या प्रिंटवर बोट ठेवून विचारलं, "अगं, ही ओळ चालू असताना लूप मोकळा आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. मग म्हणाली, "असिंकआयओच्या रनला डीबग ट्रू दे आणि बघ." टर्मिनलवर एकाखाली एक ओळी आल्या. टास्क म्हणजे लूपला चालवायला दिलेलं एक काम: हा टास्क चालवायला १.०३ सेकंद लागले, तो चालवायला १.०१ सेकंद. अशा २० ओळी. लूपला १०० मिलीसेकंदांपेक्षा जास्त अडवून धरणारा प्रत्येक तुकडा या मोडमध्ये नावानिशी दिसतो. ही सोय पहिल्या दिवसापासून होती, मीच चालू केली नव्हती.

माझं ठाम मत आहे: दोन मिनिटांत तुमचा कोड दुरुस्त करून देणाऱ्या सीनियरपेक्षा असा एक प्रश्न विचारणारी सीनियर शोधा. दहा मिनिटांत असिंक शिकवणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. चॅटबॉटकडून तयार कोड घेऊन चिकटवू नका, निदान पहिले दोन महिने तरी. त्याने काम होईल, पण पुढच्या वेळी कोड कुठे अडतोय ते तुम्हाला सापडणार नाही, आणि इंटरव्ह्यूमध्ये नेमकं तेच विचारतात.

दुरुस्ती छोटी होती. गेट कॉलच्या जागी एआयओएचटीटीपी ही असिंकसाठीच बनलेली लायब्ररी आणली, सगळ्या कॉल्सना मिळून एकच सेशन (जोडण्या सांभाळणारी वस्तू) ठेवलं, आणि २० सेकंदांचं काम दोनच्या आत आलं. तुमची लायब्ररी बदलता येत नसेल तर पायथॉन ३.९ पासून असिंकआयओमध्ये टू थ्रेड आहे. अडवणारा कॉल वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये बाजूला चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर जातो आणि लूप मोकळा राहतो. क्रिएट टास्कने केलेला टास्क व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, कारण लूप त्याचा वीक रेफरन्सच ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणी धरून ठेवला नसेल तर टास्क पूर्ण व्हायच्या आधीच मेमरीतून पुसला जाऊ शकतो.

कोणतं उदाहरण वाचायचं? आधी त्याचं वय बघा. असिंक आणि अवेट हे शब्द २०१५ साली, पायथॉन ३.५ मध्ये आले. त्याआधीच्या कोडमध्ये अवेटच्या जागी यील्ड फ्रॉम आणि असिंक डेफच्या जागी फंक्शनच्या वर लिहिलेला कोरूटीनचा डेकोरेटर दिसेल. तो डेकोरेटर ३.११ मध्ये काढूनच टाकलाय. अशी फाइल चालली नाही तर दोष तुमचा नाही, फाइल जुनी आहे. एआयओएचटीटीपीच्या रिपॉझिटरीत उदाहरणांचा वेगळा फोल्डर आहे, तो चांगला. सोबत टेस्ट्सही वाचा. मी टेस्टिंगमधून आले म्हणून सांगत नाही, कोडने काय करायला हवं ते तिथे उघड लिहिलेलं असतं.

आणि घाबरू नका. असिंक कोड वरून खाली सरळ वाचून कळत नाही, तो कुणालाच तसा कळत नाही. मी लाल पेनाने प्रत्येक अवेटभोवती गोल काढते आणि दोन गोलांमधल्या ओळींना निळी रेघ. निळी रेघ लांब दिसली की तिथे संशय. अजूनही असंच वाचते.

आज रात्री एवढंच करा. असिंकआयओच्या त्याच डॉक्युमेंटेशनमध्ये एक आणि दोन सेकंद थांबणारी दोन कामं क्रिएट टास्कने सोबत चालवणारं उदाहरण आहे. ते चालवा, दोन सेकंद लागतील. मग आतला अवेटसकटचा स्लीप काढून टाइम मोड्यूलचा स्लीप घाला, बाकी काही बदलू नका. आता तीन लागतील.