तान्हे बाळ आणि हाताशी दोन वर्षांचे थोरले: दिवसाची घडी कशी बसवावी

घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असताना दुसरे बाळ येते, तेव्हा बहुतेक आईवडील सारा दिवस तान्ह्या बाळाभोवती आखू पाहतात आणि आठवडाभरात थकून जातात, कारण ज्याला अजून दिवस आणि रात्र यांतला फरकच कळत नाही, त्याच्या भोवती वेळापत्रक उभे राहत नाही. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपते खरे, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. त्याला 8 ते 12 वेळा पाजावे लागते आणि पुढचे पाजणे केव्हा येईल, हे पहिले काही आठवडे कोणालाच सांगता येत नाही. थोरल्याचे तसे नसते. त्याच्या उठण्याच्या, जेवणाच्या, दुपारी निजण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, निदान ठरवता तरी येतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, घड्याळ थोरल्याचे ठेवावे आणि तान्ह्याला त्यात सामावून घ्यावे. थोरल्याची जेवणे, त्याची दुपारची झोप आणि रात्री निजण्याची वेळ, एवढ्या तीन गोष्टी सहसा हलू देऊ नयेत. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला 11 ते 14 तास, आणि तिसऱ्या वर्षानंतर 10 ते 13 तास झोप लागते. ती मोडली की पुढचा सगळा दिवस विस्कटतो. बाकीची कामे दोन तास मागेपुढे झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

दिवसभरात खरी कसोटी लागते ती पाजण्याच्या वेळी. आई बसली, तिचा एक हात अडकला आणि नजर बाळाकडे गेली, की आता ती चटकन उठू शकत नाही, हे थोरले मूल दोन दिवसांत ओळखते. माझा थोरला तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. धाकटीला पाजायला घेतले की तो काही क्षण दारात उभा राही, मग आपले बूट हातात घेऊन येई आणि “बाहेर” एवढेच म्हणे. “थोड्या वेळाने जाऊ,” असे मी म्हटले की बूट तिथेच टाकून तो स्वयंपाकघरात जाई आणि मिनिटाभरात भांडी पडल्याचा आवाज येई. मी बाळाला तशीच घेऊन उठे, तिचे दूध तुटे, ती रडू लागे आणि तिचे पाहून तोही भोकाड पसरे. चार दिवस हे असेच चालले. मग लक्षात आले की, चूक पाजण्याच्या वेळेत होत नव्हती, ती त्याआधीच्या पाच मिनिटांत होत होती.

बाळ रडण्याआधीच भुकेच्या खुणा दाखवू लागते: तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवते, मुठी चोखते, ओठ चाळवते. त्या खुणा दिसताच आधी थोरल्याकडे वळावे. त्याला शू करवून आणावे, प्यायला पाणी द्यावे, भूक असेल तर काही खायला समोर ठेवावे आणि ज्या खोलीत बसायचे तिचे दार लावून घ्यावे. खोली अशी निवडावी, जिथे ओढून पाडण्यासारखे, चढण्यासारखे किंवा तोंडात घालण्यासारखे काही नसेल. खुर्चीपेक्षा जमिनीवर भिंतीला टेकून बसणे मला अधिक सोयीचे वाटले, कारण थोरले मूल कुशीला चिकटून बसू शकते आणि ते निसटू लागलेच तर मोकळा हात त्याच्यापर्यंत पोहोचतो.

तिथेच एक टोपली ठेवावी. ही टोपली फक्त पाजताना निघते आणि पाजून झाले की वर ठेवली जाते. ती दिवसभर हाताशी राहिली तर दोन दिवसांत तिच्यातले नवल संपते. तीत जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तके, जाड खडू, कागद आणि मोठे ठोकळे असावेत, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यातली एखादी वस्तू बदलावी. तीन वर्षांखालील मुलासाठी वस्तू निवडताना एक साधी परीक्षा आहे: टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून ती टोपलीत नको. बटणासारखे चपटे सेल असलेली खेळणी तर त्या खोलीतही नकोत. आमच्याकडे पुस्तकाची पाने उलटणे हे थोरल्याचे काम झाले. मी वाचत असे आणि तो पान उलटण्यासाठी बोट तयार ठेवून बसे. पुढे पुढे धाकटी कुरकुरू लागली की टोपलीकडे तोच आधी धावत असे.

दोघे एकाच वेळी रडू लागले, तर आधी कोणाकडे जावे? कोणाला लागले असेल किंवा कोणाचा श्वास अडखळत असेल, तर प्रश्नच उरत नाही. एरवी, तान्हे बाळ पाळण्यात पाठीवर सुरक्षित झोपवलेले असेल तर ते दोन-तीन मिनिटे रडल्याने त्याचे नुकसान होत नाही, आणि आई आधी आपल्याकडे आली, ही गोष्ट थोरल्याच्या मनात राहते. अशा वेळी थोरल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बाळाला सांगावे, “बाळा, जरा थांब, मी दादाला पाणी देते आहे.” दिवसभर “थांब” हा शब्द थोरल्याच्याच वाट्याला येत असतो; तो अधूनमधून बाळालाही ऐकावा लागतो, हे त्याच्या कानावर पडले पाहिजे. तसेच “बाळ झोपले आहे म्हणून ओरडू नकोस”, “बाळामुळे आता जाता येणार नाही” अशी कारणे देऊ नयेत. “माझे हात आता अडकले आहेत, हे पान संपले की येते,” असे सांगितले तरी वस्तुस्थिती तीच राहते, मात्र बाळावर ठपका येत नाही. आणि पान संपले की खरोखर जावे.

या दिवसांत थोरले मूल पुन्हा बाटली मागते, शू सांगायचे विसरते, चालता येत असूनही कडेवर घे म्हणून हट्ट धरते. याला खोडी समजून रागावू नये. आपण लहान राहिलो तर आई पूर्वीसारखी आपली राहील, असे त्याला वाटत असते, आणि न हिणवता त्याचा तेवढा हट्ट पुरवला तर बहुधा काही आठवड्यांत तो आपोआप सुटतो. बाळाच्या आगमनाच्या आगेमागे शू-शीची सवय लावणे, बिछाना बदलणे किंवा बाटली सोडवणे असे कोणतेही नवे पाऊल मात्र टाकू नये. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर डॉक्टर सांगतील तोवर, साधारण सहा आठवडे, बाळाहून जड काही उचलायचे नसते. तेव्हा थोरल्याला उचलून घेण्याऐवजी आपण खाली बसावे आणि त्याला मांडीवर चढू द्यावे. याखेरीज रोज एकाच ठरावीक वेळी फक्त त्याच्यासाठी दहा-पंधरा मिनिटे काढावीत, त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि काय खेळायचे ते त्यालाच ठरवू द्यावे.

दोन वर्षांच्या मुलाला आपल्या हातात किती जोर आहे याचा अंदाज नसतो. ते प्रेमाने मिठी मारते आणि त्यातच बाळाचे नाक दाबले जाते. म्हणून त्या दोघांनाच एका खोलीत क्षणभरही ठेवू नये, मग थोरले कितीही समजूतदार असो. “हात लावू नकोस” म्हणण्यापेक्षा कुठे हात लावायचा ते दाखवावे: पाय, पोटऱ्या, पाठ. पापाही पायाचाच घ्यायला शिकवावा, कारण इतर मुलांमध्ये खेळून आलेले मूल सर्दी-खोकला घरी आणते आणि तो तोंडाहातांवाटे बाळापर्यंत पोहोचतो. बाहेरून आल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुण्याचा नियम मोठ्या माणसांसह सर्वांना लागू करावा. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक भरला, तर घरी औषध न देता लगेच डॉक्टरांकडे जावे.

आंघोळीबाबत थोडक्यात सांगायचे तर, तान्ह्याला आठवड्यातून दोन-तीनदा अंघोळ आणि एरवी अंग पुसणे पुरते. घरात एकटे असताना दोघांना एकत्र आंघोळ घालायला जाऊ नये, आणि झाल्यावर टब, बादली लगेच रिकामी करावी, कारण लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते.

बाहेर पडायचे असेल तर पिशवी आदल्या रात्री भरून ठेवावी, थोरल्याला आधी तयार करावे, मग बाळाला पाजून व डायपर बदलून लगेच निघावे. बाळाला अंगाशी बांधून घेतल्यास एक हात थोरल्यासाठी मोकळा राहतो. मात्र बाळाचे तोंड सतत आपल्याला दिसले पाहिजे, नाक मोकळे असले पाहिजे आणि हनुवटी छातीवर टेकता कामा नये.

संध्याकाळ वेगळीच अवघड असते. बऱ्याच बाळांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक होते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते, आणि हे रडणे नेमके थोरले दमून किरकिरे झालेले असते त्या वेळी सुरू होते. म्हणून रात्रीचा स्वयंपाक सकाळीच उरकून ठेवावा आणि थोरल्याला लवकर जेवू घालावे. रडणे ऐकून आपलाच संताप अनावर होऊ लागला, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून काही मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. बाळाला कधीही गदागदा हलवू नये. त्याने मेंदूला इजा होते आणि जीवही जाऊ शकतो.

रात्री बाळाने पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर, आपल्या स्वतंत्र बिछान्यात पण आईवडिलांच्याच खोलीत झोपावे. त्याच्याजवळ उशी, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणी नसावीत आणि थोरल्यासोबत त्याला एका बिछान्यात झोपवू नये. डोळे मिटत असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजणे फार धोक्याचे आहे. घरात दोन मोठी माणसे असतील तर रात्रीचे दोन भाग करावेत, म्हणजे प्रत्येकाला चार-पाच तास सलग झोप मिळते. बाळ अंगावर पीत असेल तरी ढेकर काढणे, डायपर बदलणे आणि पुन्हा थोपटून झोपवणे ही कामे दुसऱ्याला करता येतात.

मदतीला येणारे बहुधा आल्याबरोबर बाळाला घेतात. बाळाचे पोट भरलेले असेल तर हात धुतलेल्या पाहुण्यांकडे ते खुशाल द्यावे आणि आईने त्या अर्ध्या तासात थोरल्याला घेऊन बसावे. बाळंतपणानंतरचे रडू येणे, मन उदास होणे हे दोन आठवड्यांपलीकडे टिकले, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. बाळाच्या वडिलांनाही असे नैराश्य येऊ शकते आणि त्यांनीही ते अंगावर काढू नये.

बाळ तीन-चार महिन्यांचे होत आले की त्याची एक झोप थोरल्याच्या दुपारच्या झोपेशी जुळवून पाहावी. थोरल्याला निजवण्याच्या अर्धा तास आधी बाळाला पाजावे, पडदे ओढावेत आणि गोष्ट हलक्या आवाजात सांगावी. रोज जमेल असे नाही. ज्या दिवशी दोघे एकाच वेळी झोपतील, त्या दिवशी भांडी तशीच राहू द्यावीत आणि आपणही आडवे व्हावे.