अंबिया बहाराचा मध काढताना

आमच्या वरुड तालुक्यात फेब्रुवारीत संत्र्याचा अंबिया बहार फुलला की परसातल्या माझ्या सातेरी जातीच्या मधमाशांच्या चार पेट्यांना दिवसभर उसंत नसते. शेजारच्या बाया विचारतात, "काकू, मध कधी काढता जी?" माझं उत्तर ठरलेलं: माशांनी झाकला की.

पोळ्याच्या घरांवर मेणाचं पांढुरकं झाकण बसलं, म्हणजे मध पिकला. पेटीतली पोळ्याची लाकडी चौकट पाऊणभर तरी झाकलेली असली तरच मी उचलते. शंका आली तर चौकट आडवी धरून हलका झटका द्या. थेंब उडाले तर परत ठेवा. पहिल्या वर्षी मला धीर निघाला नाही. पातळ मधच बरण्यांत भरला. पंधरा दिवसांनी झाकण फिरवलं तर फस्सकन फेस वर आला आणि घरभर मोहाच्या दारूसारखा वास सुटला. मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी राहिलं की तो आंबतो, हे तेव्हा कळलं.

पेटी उघडायला सकाळी नऊ-दहाची वेळ बरी, तेव्हा बऱ्याच माशा बागेत गेलेल्या असतात. फिकट रंगाचे कपडे, तोंडावर जाळी, अंगाला अत्तर-सेंट काही नको. धुराड्यात पोत्याचा सुका तुकडा पेटवून दोन-चार फुंकर धूर द्या, जास्त नको. डंख बसलाच तर काटा नखानं खरवडून काढा आणि तिथंही थोडा धूर द्या, कारण डंखाच्या वासानं बाकीच्या माशा चवताळतात.

वरच्या मधकोठीतल्याच चौकटी काढायच्या. खालच्या कोठीला हात लावायचा नाही, तिथं पिल्लं वाढतात. माझे आजेसासरे टेंभा लावून रानातलं आग्या मोहोळ पाडत आणि पिळून घेत. मधाबरोबर पिल्लंही पिळली जात. मला ते बघवत नसे, म्हणून तर पेट्या आणल्या.

चौकटीवरच्या माशा मऊ कुंचल्यानं झाडून चौकट घरात आणा आणि दार-खिडक्या लावून घ्या, नाहीतर वासानं सगळ्या पेट्या घरात येतात. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं झाकणं तासा. मग चौकटी मधयंत्रात, म्हणजे गरगर फिरवून मध काढायच्या यंत्रात, लावा आणि ते सावकाश फिरवा: आधी एक बाजू अर्धी रिकामी करा, मग चौकट उलटून दुसरी, मग पुन्हा पहिली. घाईनं फिरवलं की नवं पोळं मोडतं. रिकाम्या चौकटी अंधार पडायच्या वेळी ज्याच्या त्या पेटीत ठेवा.

सगळा मध मी कधीच काढत नाही, निम्मा ठेवते. पुढं मार्च-एप्रिलात कडुनिंब फुलतो, पण मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात माशांना खायला फार काही नसतं. उपाशी ठेवल्या तर सातेरी पेटी सोडून निघून जाते. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढत नाहीत.

मध दुहेरी मलमलीतून गाळून दोन दिवस झाकून ठेवा, वर आलेला फेस काढा आणि कोरड्या बरणीत भरा. हिवाळ्यात थिजला तर तो खराब झाला, असं नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घरातल्या मोठ्यांनी आग्रह केला तरी.

तासलेली झाकणं मात्र आम्ही त्याच दुपारी खातो. गरम ज्वारीच्या भाकरीवर ठेवली की मेण मऊ होतं, मध पापुद्र्यात उतरतो आणि घासाघासाला संत्र्याच्या फुलाचा वास येतो.