जीपीएस घड्याळ कसे वापरावे: पळताना आणि गड चढताना

रोजचीच वाट, रोजचाच वेग, तरी घड्याळ एक दिवस ५.०२ किलोमीटर दाखवते आणि दुसऱ्या दिवशी ४.८१. घड्याळ बिघडले असे वाटते, पण कारण बहुधा घराबाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत सापडते.

आदल्या रात्री

घड्याळ चार्ज करा आणि फोनशी सिंक करा. सिंकचा उपयोग आकडे पाठवण्यापुरता नाही. स्थान ठरवायला घड्याळाला किमान चार उपग्रह लागतात, आणि प्रत्येक उपग्रह या क्षणी कक्षेत कुठे आहे हेही कळावे लागते. ही माहिती थेट उपग्रहाकडून ऐकायला सुमारे ३० सेकंद सलग, विनाअडथळा सिग्नल लागतो. सिंक करताना घड्याळ पुढच्या काही दिवसांची कक्षांची माहिती फोनवरून आधीच उतरवून घेते, म्हणून सकाळी पटकन तयार होते. आठवडाभर सिंक केले नसेल किंवा रात्रीत पुण्याहून नागपूरला गेला असाल, तर पहिल्या दिवशी जास्त वेळ थांबायची तयारी ठेवा.

सेटिंगमध्ये उपग्रहांचे पर्याय दिसतील: फक्त जीपीएस, सर्व प्रणाली (जीपीएससोबत इतर देशांचेही उपग्रह), आणि महागड्या घड्याळांत मल्टीबँड, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल ऐकणारा पर्याय. मरीन ड्राइव्हसारख्या ठिकाणी एका बाजूचे आकाश पूर्ण मोकळे असते, तिथे फक्त जीपीएस पुरते. लोअर परळच्या टॉवरांमध्ये, मेट्रोच्या पुलाखालून जाणाऱ्या रस्त्यावर किंवा दाट झाडीत मल्टीबँड घ्या. भिंतींवर आपटून उशिरा आलेला सिग्नल आणि थेट आलेला सिग्नल यांतला फरक दोन फ्रिक्वेन्सींवर जास्त चांगला ओळखता येतो. बॅटरी मात्र जास्त खर्च होते. नोंद दर सेकंदाला होईल असे ठेवा.

मनगटावरच्या ज्या फिटनेस बँडला स्वतःचे जीपीएस नसते तो फोनचे वापरतो. त्यासाठी फोन जवळ हवा, ॲपला अचूक लोकेशनची परवानगी हवी आणि त्या ॲपपुरता बॅटरी सेव्हर बंद हवा. नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन ॲप थांबवतो आणि नकाशावर मधला रस्ता सरळ रेघेने जोडलेला दिसतो.

निघताना

सोसायटीच्या पार्किंगमधून किंवा जिन्यातून नोंद सुरू करू नका. मैदानात किंवा रुंद रस्त्यावर या, पळण्याचा प्रकार निवडा आणि उभे राहा. ‘जीपीएस तयार’ असे आले की आणखी मिनिटभर थांबा. पहिला इशारा मोजक्या उपग्रहांवर येतो. त्या मिनिटात बाकीचे पकडले जातात आणि स्थान पक्के होते. याच वेळात स्ट्रेचिंग उरका. इथे घाई केली की रेघ शेजारच्या गल्लीतून सुरू होते, दोन इमारती ओलांडते आणि मग रस्त्यावर येते.

घड्याळ मनगटाच्या हाडावर नको. हाडापासून कोपराच्या दिशेने एक-दोन बोटे वर, त्वचेला चिकटून पण रग न लागेल इतपत आवळा. सैल घड्याळात हृदयगती मोजणारा हिरवा सेन्सर रक्तप्रवाहाऐवजी हाताचे हेलकावे मोजू लागतो. आरामात, गप्पा मारत पळताना हृदयगती १७० वर अडकली आणि मिनिटाला पावलेही तितकीच पडत असली, तर तो आकडा हृदयाचा नाही. पट्टा आवळा, मिनिटभर चाला. वेगवान इंटरव्हलसाठी (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असे पळताना) छातीचा पट्टा जास्त भरवशाचा. त्याचे इलेक्ट्रोड आधी पाण्याने ओले करायला विसरू नका.

पळताना कोणता आकडा पाहावा

क्षणाक्षणाचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, पाहू नका. सहा मिनिटांना किलोमीटर या वेगाने तुम्ही एका सेकंदात २.८ मीटर जाता, आणि जीपीएसची चूक सहज तीन ते पाच मीटरची असते. त्यामुळे तो आकडा ५:२० आणि ६:५० यांच्यामध्ये उड्या मारतो आणि त्याच्या मागे लागून दम वाया जातो. स्क्रीनवर लॅपचा, म्हणजे चालू टप्प्याचा, सरासरी पेस ठेवा. झाडीत किंवा चढावर ऑटो पॉज बंद ठेवा, कारण सिग्नल मंदावला किंवा तुम्ही हळू झालात की घड्याळ तुम्ही थांबलात असे समजते.

४०० मीटरच्या ट्रॅकवर जीपीएस वळणे कापते. घड्याळात ट्रॅकचा वेगळा प्रकार असेल तर तोच घ्या, लेनचा आकडा बरोबर भरा आणि पहिल्या काही फेऱ्या लेन बदलू नका. आतली लेन ४०० मीटरची, दुसरी सुमारे ४०७ आणि आठवी जवळजवळ ४५३ मीटरची असते.

मॅरेथॉनमध्ये घड्याळ ४२.१९५ पेक्षा जास्त दाखवणार हे गृहीत धरा. मार्ग सर्वांत जवळच्या रेघेने मोजलेला असतो. गर्दीत प्रत्येक वळण आतून घेणे कोणालाच जमत नाही. घड्याळात ४२.६ भरणार असतील, तर चार तासांसाठी ५:४१ चा पेस पुरणार नाही, ५:३८ लागेल. ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप टप्पे मोजणे) बंद करून दर किलोमीटरच्या पाटीपाशी बटण दाबणे उत्तम.

गडावर

इथे चूक फार महागात पडते. जीपीएक्स फाइल (दुसऱ्या कोणी नोंदवलेली वाट) घेताना ती कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वाटेने नोंदवलेली आहे ते पाहा. पावसाळ्यात ओढ्यातून जाणारी उन्हाळी वाट उपयोगाची नसते. घरीच सॅटेलाइट नकाशावर ती फाइल उघडा. रेघ कड्यावरून सरळ उतरताना दिसली, तर मूळ नोंदीत सिग्नल गेला होता असे समजा. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत दोन्ही बाजूंना कातळ असल्याने आकाशाची पट्टीच दिसते. तिथे मल्टीबँड घड्याळसुद्धा भरकटते. अशा जागी खुणा, वाटाड्या आणि स्वतःचे डोळे, हाच क्रम ठेवा.

परतीसाठी घड्याळात दोन पर्याय असतात: सुरुवातीच्या ठिकाणाकडे सरळ दिशा, किंवा आलेल्या वाटेने परत. सह्याद्रीत नेहमी दुसराच निवडा. सरळ दिशेचा बाण मधला कडा पाहत नाही. धुक्यात कड्याच्या काठाने रेघेवर पाऊल टाकत चालूच नका. दहा मीटरची चूक तिथे जीवघेणी ठरते. थांबा आणि धुके विरळ होऊ द्या.

ज्या घड्याळात बॅरोमीटर असतो ते उंची हवेच्या दाबावरून काढते. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण आठ-नऊ मीटर. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. त्यामुळे सकाळी सोडलेले पायथ्याचे गाव परतताना वीस-तीस मीटर उंच दिसू शकते. पायथ्याला नकाशातली उंची भरून कॅलिब्रेट करा आणि माथ्यावर ताडून पाहा. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आहे. उंची अचानक गोठली तर बॅरोमीटरच्या छिद्रात चिखल अडकला असेल. गोड्या पाण्याखाली धरा, टाचणी घालू नका.

दर मिनिटाला एकच बिंदू नोंदवणारा बॅटरी बचतीचा प्रकार नागमोडी वाटेवर वळणे गाळतो आणि अंतर कमी दाखवतो. त्यापेक्षा स्क्रीन सतत चालू राहणे बंद करा आणि पॉवर बँक न्या.

परतल्यावर

आधी नोंद सेव्ह करा, मगच गाडीत बसा. नाहीतर ताशी ६० किलोमीटरचा विक्रम नोंदला जाईल. घड्याळाची मागची बाजू धुऊन कोरडी करा. घामट संपर्कबिंदूंवर चार्जर लावला की ते गंजतात.

नोंद ॲपवर टाकण्याआधी घराच्या आसपासचा भाग झाकणारे सेटिंग लावा. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या व्यायामाच्या वाटांमुळे लष्करी तळ उघड झाले होते. रोज पहाटे एकाच दारातून निघणारी तुमची रेघही तितकीच स्पष्ट असते. नोंदी फक्त ओळखीच्यांना दिसतील असे करा, आणि जुन्या नोंदींनाही तेच सेटिंग लागू झाले का ते एकेक उघडून तपासा.