नळीतल्या मोठ्या पंख्यासाठी योग्य रेग्युलेटर : माझा अनुभव

आमच्या अळिंबीच्या शेडमध्ये हवा खेळती ठेवण्यासाठी ३१५ मिलिमीटर व्यासाचा, नळीत बसणारा पंखा आहे. त्याच्या पाटीवर २३० व्होल्ट आणि १.४ अँपिअर असे लिहिलेले आहे. वेग कमी करण्यासाठी मी प्रथम छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जोडला. मधल्या वेगावर मोटर मोठ्याने गुणगुणू लागली आणि तासाभरात रेग्युलेटर हात लावता येणार नाही इतका तापला.

कारण दोन होते. छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा, हा त्याच्या कितीतरी पट. शिवाय असा रेग्युलेटर विजेची लहर कापून देतो आणि त्या तुटक लहरीमुळेच कपॅसिटरवर चालणारी एकफेजी मोटर गुणगुणते व तापते. कोणी व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण) सुचवला, परंतु सर्वसाधारण व्हीएफडी त्रिफेजी मोटरसाठी असतो. तो या मोटरला लावणे मला धोक्याचे वाटले.

शेवटी पाच टप्प्यांचा, ३ अँपिअर क्षमतेचा ऑटोट्रान्सफॉर्मर घेतला. तो व्होल्टेज कमी करतो, पण लहर अखंड ठेवतो, त्यामुळे गुणगुण जवळजवळ थांबली. हा आकाराने जड आणि किमतीने महाग आहे, तरीही माझी निवड हीच राहील. व्होल्टेज कमी केल्यावर मधल्या टप्प्यांवर प्रवाह पाटीवरील आकड्यापेक्षा वाढू शकतो, म्हणून क्षमता मुद्दाम जास्त ठेवली. सर्वांत खालच्या टप्प्यावर पंखा सुरूच होत नसे. आता आधी वरच्या टप्प्यावर सुरू करून मग वेग उतरवतो.