व्हिक्टोरियन नाताळभेटीचं पुस्तक जपताय? या चुका टाळा

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये नाताळला घरच्यांना पुस्तक देण्याची पद्धत चांगलीच रुजली होती. कापडी बांधणी, त्यावर सोनेरी नक्षी, आणि आतल्या कोऱ्या पानावर शाईनं लिहिलेलं 'आईकडून, नाताळ' नि साल. असं पुस्तक हाती आलं की आधी ते लख्ख करावंसं वाटतं. नासधूस सुरू होते ती तिथेच.

त्या कोऱ्या पानाजवळ खोडरबर नेऊच नका. नाव-तारीख म्हणजे डाग समजून घासलेली पानं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. पुस्तकाच्या हजारो प्रती निघाल्या असतील, पण ते हस्ताक्षर एकाच प्रतीत आहे. शिवाय हाताने 'नाताळ १८६५' लिहिलंय आणि छापलंय १८६६, म्हणून प्रत बनावट ठरवू नका. नाताळच्या बाजारासाठी निघालेल्या पुस्तकांवर प्रकाशक बरेचदा पुढचं साल छापत. 'ॲलिस इन वंडरलँड' नोव्हेंबर १८६५ मध्ये विक्रीला आलं, तेही १८६६ साल मिरवत.

कपाटातून काढताना पुस्तकाच्या कण्याच्या (पाठीच्या) वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, तिथेच तो फाटतो. शेजारची पुस्तकं थोडी आत सारा आणि कणा मध्यावर धरा. उघडल्यावर टेबलावर सपाट दाबू नका, दोन्ही पुठ्ठ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा.

फाटक्या पानाला सेलोटेप तर नकोच. टेप काही वर्षांत गळून पडते, पण तिचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो. चामडी बांधणीतून तांबूस भुकटी झडत असेल, तर तेल चोळू नका. त्या काळच्या गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकानंही ते चामडं आतून खाल्लेलं असतं. ही दोन्ही कामं संवर्धकाकडे, म्हणजे जुनी पुस्तकं दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.

एरवी स्वच्छ, कोरडे हात पुरतात, सुती हातमोज्यांनी उलट पानं फाटतात. अपवाद एकच, पण गंभीर : गडद, झगझगीत हिरवं कापड. त्या रंगात आर्सेनिक हे विष असू शकतं. अमेरिकेतलं विंटरथर संग्रहालय २०१९ पासून अशी पुस्तकं शोधून तपासतंय. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला, नंतर हात धुवा, आणि असं पुस्तक मुलांच्या हाती देऊ नका.

पुस्तक मुंबईत किंवा कोकणात आणलं असेल, तर पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका. दमट हवा आत कोंडते आणि बुरशी धरते.

पानांत एखादं सुकलेलं फूल सापडलं, तर ते अलगद कागदी पाकिटात काढा. त्याचा डाग कागदावर उतरत राहतो. मात्र टाकू नका. कोणत्या पानात होतं, ते पाकिटावर पेन्सिलीनं लिहा.