टेंडरचा रेट उतरवायचा, पण कुठून?

साकीनाक्याच्या गाळ्यात माझी तीन लेथ मशीन आहेत. नौदलाच्या ऑर्डरींचे बोल्ट, स्टड, बुश करता करता सतरा वर्षं झाली. नवी मुलं टेंडर भरायला बसली की पहिला प्रश्न ठरलेला: काका, एल-वन कसं यायचं, म्हणजे सगळ्यात कमी रेट आपला कसा लागायचा? खर्च कुठे कापता येतो ते सांगतो, आणि कुठे हात लावायचा नाही तेही.

आधी ड्रॉइंग नीट वाचा. ज्या भागाला काहीच टेकत नाही, तिथेही कधी कधी बारीक टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिलेला असतो. तो मनाने सैल करू नका. टेंडर बंद व्हायच्या आत लेखी विचारा. होकार आला तर ग्राइंडिंगचं अख्खं काम वाचतं, आणि सरकारलाही माल स्वस्त पडतो. नकार आला तर रेट त्या हिशोबाने लावा.

मशीनच्या सेटिंगला वेळ दहा नगांना लागतो तेवढाच शंभरांना. एकाच व्यासाचे दोन आयटम असतील तर एका दमात काढा. सरकारची उद्यम नोंदणी करून घ्या, लघुउद्योगाला ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम, माफ असते.

आता धातू. खाऱ्या पाण्यासाठी ड्रॉइंगवर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील लिहिलं असेल तर ३१६च. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाने खड्डे पडायला वेळ लागतो. स्वस्त ३०४ मध्ये ते नसतं. दिसायला दोन्ही सारखे, चुंबकानेही फरक कळत नाही. मला एका व्यापाऱ्याने ३१६ म्हणून ३०४ दिलं होतं, सर्टिफिकेटसकट. इन्स्पेक्शनला धातू ओळखणारी गन लावली आणि सगळा लॉट परत आला. तेव्हापासून बारवरचा हीट नंबर, म्हणजे तो धातू ज्या घाणीत वितळवला तिचा नंबर, मी स्वतः सर्टिफिकेटशी ताडतो, कापण्याआधी उरणाऱ्या तुकड्यावर तोच नंबर पंच करतो आणि एक चकती लॅबला पाठवतो. लॅबची फी रेटमध्ये धराच.

सगळ्यात जास्त जपायचं ते बेकिंगला, म्हणजे बोल्ट ओव्हनमध्ये भाजण्याला. १२.९ ग्रेडच्या, म्हणजे खूप जास्त ताकदीच्या, बोल्टवर झिंक प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बोल्ट आवळला जातो, सगळं ठीक दिसतं, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी तो टपकन तुटतो. उपाय एकच: प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत ओव्हनमध्ये, साधारण २०० अंशांवर, स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेत तितके तास. न भाजलेला बोल्ट हातात घेऊन कुणालाच ओळखता येत नाही, म्हणून तर हा खर्च गाळायचा मोह होतो. पण तो बोल्ट तुटतो तेव्हा जहाजावर त्याच्याशेजारी कुणाचा तरी मुलगा ड्युटीवर असतो. रेट बसत नसेल तर टेंडर सोडा, मी सोडलीत.

प्लेटिंगवाल्याकडे मी माझा माणूस बसवतो. माल टाकीतून निघाला की तो वेळ लिहितो, ओव्हनचा चार्ट हातात आल्याशिवाय टेम्पो भरत नाही.